अठ्ठाविसावी माळ

मी रांगेत अकरावी होते. पुढे दहा माणसं, मागे चार. माझ्या पिशवीत काढ्याची बाटली होती, रक्ताच्या तपासणीचा घडी घातलेला कागद होता आणि प्लास्टिकमध्ये गाठ मारून ठेवलेली कुंदाची माळ होती.

केरबा शेळके परड्यात कडुलिंबाखाली पोत्यावर बसला होता. सत्तरी ओलांडलेला, काटक, एका कानात तांब्याची बाळी. सगळं माळसोंडे गाव त्याला नाना म्हणे. मी म्हणत नव्हते.

रविवारी आणि बुधवारी सकाळी त्याच्याकडे कावीळ झालेली माणसं येत. तो त्यांच्या तळहातांवर वाटीतलं तपकिरी पाणी चोळी आणि परातीतल्या चुन्याच्या निवळीत हात धुवायला लावी. निवळी हळूहळू पिवळी होई. मग तो डोक्यावर माळ घाली. कुठल्याशा वेलीच्या देठांचे तुकडे कच्च्या दोऱ्याच्या गाठींत अडकवलेले असत. पहिल्या दिवशी माळ टोपीसारखी बसे, मग वाढत वाढत गळ्यात, छातीवर, कमरेवर येई आणि दहा-बारा दिवसांनी पायांतून खाली पडे. माळ उतरली की कावीळ उतरली. त्याबद्दल तो पैसा घेत नसे, नारळही घेत नसे. घेतला तर हाताचा गुण जातो, असं त्यांच्या घरात तीन पिढ्यांपासून होतं.

मला या सगळ्याची कारणं माहीत होती. तालुक्याच्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवत होते. तपकिरी पाणी म्हणजे आंब्याच्या सालीचा काढा. तो चुन्यात पिवळा पडतो, हात कोणाचेही असोत. देठं सुकली की आक्रसतात, गाठी सैल पडतात आणि माळ लांबते. खुंटीला टांगली तरी लांबते. सतरा दिवस मी प्रयोगशाळेत हेच करून पाहत होते. निवळी किती दाट हवी, साल किती वेळ उकळायची, पिवळा रंग मागच्या माणसालाही दिसेल इतका गडद कसा येईल. परीक्षेसाठीही मी कधी इतकी मन लावून तयारी केली नव्हती.

कुंदा माझ्याहून सहा वर्षांनी धाकटी. माळसोंड्यात दिलेली. नवरा विलास फौजेत, घरी सासू अक्काताई आणि थोरले दीर शंकरराव, गावचे उपसरपंच. चैत्र संपता संपता तिला जीपमधून तालुक्याच्या दवाखान्यात आणलं तेव्हा तिला सातवा महिना होता. डोळे हळदीसारखे झाले होते. मी तिचा हात धरला तर ती मला 'बाई' म्हणाली, वर्गातल्या पोरी म्हणतात तसं, आणि बाहेर जायची परवानगी मागू लागली.

डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. मी शिकलेली आहे म्हणून त्या माझ्याशी सरळ बोलल्या. यकृताला सूज आणणारे विषाणू अनेक आहेत, म्हणाल्या. बी आणि सी रक्तातून जातात, वर्षानुवर्षं दबा धरून बसतात. ए आणि ई खराब पाण्यातून येतात, आणि धडधाकट माणूस विश्रांती घेऊन, हलकं खाऊन महिन्याभरात आपोआप उठून बसतो. ‘फक्त ई आणि शेवटचे तीन महिने, हे दोन एकत्र आले तर मला फार भीती वाटते. रक्त पुण्याला पाठवते, पण माझी खात्री आहे. पाणी कुठलं पितात त्या?’

‘नळाचं. ते चांगलं आहे,’ मी म्हटलं. ‘जत्रेच्या आधी मीच तपासलंय.’

मग आठवलं की कुंदा मध्यंतरी शेजारच्या गावात एका लग्नाला गेली होती. तिथलंच असणार, असं मी ठरवून टाकलं.

‘डोळे पिवळे होऊन किती दिवस झाले?’ त्यांनी विचारलं. अक्काताईंनी पदर तोंडाशी नेला आणि चार दिवस म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंनी कुंदाच्या गळ्यातल्या माळेकडे पाहिलं. नंतर व्हरांड्यात मला म्हणाल्या, ‘पहिल्या दिवशी आणली असती तर निदान झुंजता आलं असतं.’

तिसऱ्या दिवशी दुपारी कुंदा गेली. पोट तसंच होतं. नर्स माळ कापायला निघाली, तर मी तिच्या हातातली कात्री घेतली, कुंदाची वेणी सोडवून माळ अखंड काढली, प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि चिठ्ठीवर तारीख लिहून गाठीला बांधली. चार दिवस कोणी खाल्ले ते मला कळलं होतं.

माझा नंबर आला.

‘कुणाला झालीया, बाई?’

‘मला.’

त्याने अंगठ्याने माझी पापणी खाली ओढली. ‘डोळं तर पांढरंफेक हायती.’

‘हात धुऊन तर बघा.’

त्याने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग काढा चोळला, परात पुढे सरकवली. निवळी पिवळी झाली. मी ओले हात वर धरले आणि रांगेकडे तोंड करून उभी राहिले. चाळीस पोरींच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जातो तो आवाज माझ्याकडे होता. कागद उघडून वाचला. कालचं रक्त, कालची तारीख, मला कावीळ नाही. मग माझ्या बाटलीतला काढा मागे उभ्या असलेल्या ट्रॅक्टरवाल्याच्या हातावर ओतला. तो फक्त भावाला सोबत म्हणून आला होता. त्याचेही हात पिवळे उतरले. शेवटी शेळीच्या दाव्याची खुंटी उपटून काढ्यात बुडवली आणि परातीत धरली. खुंटीलाही कावीळ झाली.

आधी कोणी हसलं नाही. मग ट्रॅक्टरवाला म्हणाला, ‘नाना, आता खुंटीला घाला की माळ. बिचारी पिवळी पडलीया.’ त्यावर हशा पिकला. परड्याच्या दगडी गडग्यापाशी माणसं जमली होती, आळीतल्या बायाही आल्या होत्या. एका बाईने आपल्या पोराच्या गळ्यातली माळ काढली आणि कोणाला कळू नये अशी हळूच मातीत ठेवली.

मला बरं वाटलं. ते आज लपवण्यात अर्थ नाही. घोटाघोटाने पाणी प्यावं तसं मी ते पीत होते. म्हातारा मात्र मान खाली घालत नव्हता, आणि मला ती खाली गेलेली बघायची होती. मी पिशवीची गाठ सोडली आणि कुंदाची माळ त्याच्या मांडीवर टाकली.

‘ही ओळखता? माझ्या बहिणीच्या गळ्यातून काढलीय. सात महिन्यांची पोटुशी होती. चार दिवस तुम्ही ही वाढायची वाट बघायला लावलीत.’

त्याने माळ उचलली. डोळ्यांजवळ नेली आणि अंगठ्याच्या नखाने एकेक तुकडा सरकवत ओठांतल्या ओठांत मोजू लागला. कितीतरी वेळ.

‘तुमची भैन किती वर्साची, बाई?’

‘चोवीस.’

‘जेवढं वय तेवढं तुकडं घालतो आमी. पोराला तुकडं लांब, म्हाताऱ्याला आखूड.’ त्याने माळ माझ्यापुढे धरली. ‘ही एकसष्ट तुकड्यांची हाय. मोजा.’

मी मोजली. एकसष्ट. सतरा दिवस मी ती पुरावा म्हणून जपली होती, तिच्यावर तारीख घातली होती, आणि मोजली नव्हती.

‘तुमची भैन आलती बुधवारी,’ केरबा नाना म्हणाले. ‘उंबऱ्यातनंच फिरवली मी. पोटुशी बाईला आमच्यात माळ घालत न्हाईत. माझ्या आज्यानं घालून दिल्यालं हाय. काविळीत पोटुशी बाई ऱ्हात न्हाई, तिथं आपली माळ चालत न्हाई. गाडी जुपायची अन् दवाखाना गाठायचा. आजच्या आज न्हे, म्हणलं म्या तिच्या सासूला.’ त्यांनी गडग्याकडे बोट केलं. ‘हितंच हाय की ती. इचारा.’

अक्काताई बायांच्या मागे उभ्या होत्या. बायांनीच बाजूला होऊन वाट केली.

त्या पुढे आल्या आणि खाली बसल्या. सुनेला घरी पोचवून त्या एकट्याच परत आल्या होत्या आणि मलाच झालीय म्हणून सांगितलं होतं. म्हातारपणाचे डोळे, तसेही पिवळसरच. नानांनी माळ बांधून दिली. ती त्यांनी घरी जाऊन कुंदाला घातली.

‘का?’ मी विचारलं.

‘दवाखान्यात प्वार पाडत्यात म्हणं. विलास तिकडं बर्फात. त्याला काय तोंड दावू?’

‘मोठ्याने सांगा. मागच्यांना ऐकू गेलं नाही.’

त्यांनी पुन्हा सांगितलं. मी तिसऱ्यांदा सांगायला लावलं. तेव्हा त्यांचा आवाज फुटला, पण शब्द सगळे आले. मागच्या बायांतली एक म्हणाली, आता पुरं करा की ताई. मी पुरं केलं, कारण मला हवं होतं ते झालं होतं. सतरा दिवस जपलेला राग एका माणसावरून उचलून दुसऱ्यावर ठेवायला मला अर्धं मिनिटही लागलं नव्हतं.

परडं रिकामं झालं. नानांनी परातीतलं पाणी लिंबाच्या बुंध्याशी ओतलं.

‘तुम्हाला माहीत होतं,’ मी म्हटलं. ‘पाणी सगळ्यांचंच पिवळं होतं हे.’

‘हां. बापानंच दावलं हुतं.’ ते परात घासू लागले. ‘माणूस भ्यालेला येतो, बाई. अंगातनं कायतरी जाताना डोळ्यानं दिसलं की मग ऐकतो. तेल सोड म्हणलं की सोडतो. दारू सोडतो. माळ उतरंस्तवर रानात जाऊ नगं, पडून ऱ्हा म्हणलं की पडून ऱ्हातो. नुसतं पडून ऱ्हा म्हणलं तर कोन ऱ्हाईल?’

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेला उपचार याहून वेगळा नव्हता.

‘आता आलाच हाय तर मागं या,’ ते म्हणाले. ‘तुमास्नी मोजायची सवय हाय. एक मोजून द्या.’

घरामागे एक बोरीचं झाड होतं. उतरलेली माळ रोग्याने स्वतः आणून त्या झाडाच्या काट्याला अडकवायची, अशी रीत होती. जुन्या माळा कुजून काळ्या झालेल्या, दोरेच उरलेले. पण खालच्या फांदीवर ताज्या होत्या, दोरा अजून पांढरा.

मी मोजल्या. सत्तावीस.

‘सालाला चार-पाच येत्यात,’ नाना म्हणाले. ‘औंदा एका म्हैन्यात सत्तावीस. समद्या खालच्या आळीच्या. वरच्या आळीची एक न्हाई. कुणाच्या माळंत किती तुकडं ते मी सांगतो, तुमी लिवून घ्या.’

कुंदाचं सासर खालच्या आळीत होतं. दोन्ही आळ्यांना पाणी एकाच टाकीचं, पण खालच्या आळीची नळाची लाइन गटाराला लागून जात होती. हे मला आधीपासून माहीत होतं. कुंदाच्या दारातून मी ते गटार शंभरदा ओलांडलं होतं.

‘पंचायतीत सांगितलं नाहीत?’

‘दोनदा गेलतो. नळाच्या पान्यात कायतरी हाय म्हणलं. शंकररावानं भिताडावरचा कागूद दावला. मला वाचाय येत न्हाई, त्यानंच वाचला. पाणी पिण्यास योग्य. खाली सही.’ ते एका माळेचा अडकलेला दोरा सोडवत होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. ‘कालेजातल्या बाईंची हाय म्हणाला. मंग मी काय बोलनार? घरी आलो.’

मी बोरीखाली उभी राहून मागे मोजत गेले. ई शरीरात शिरल्यापासून डोळे पिवळे व्हायला साधारण चाळीस दिवस. कुंदाच्या त्या बुधवारातून चाळीस वजा केले. जत्रेचा आठवडा आला. आणि ज्या लग्नाचं पाणी मी धरून बसले होते, ते लग्न होतं त्या बुधवारच्या फक्त नऊ दिवस आधी. ही वजाबाकी मला दवाखान्यातच करता आली असती.

ग्रामपंचायतीत कागद काचेच्या चौकटीत लावला होता. खाली माझी सही, सु. ग. भोईटे, आणि कॉलेजचा शिक्का. शंकररावांनी खुर्ची पुढे केली, चहा मागवला. नानांच्या परड्यातली हकिगत त्यांच्यापर्यंत पोचली होती, पण आईचा भाग कोणी सांगितला नसावा.

‘बरं केलंत, ताई. लई माजलं हुतं म्हातारं. म्हणं पान्यात खोट.’

‘ती बाटली कुठून भरली होती, भाऊजी? जत्रेच्या आधी मला आणून दिलीत ती.’

‘टाकीतनं.’

‘खालच्या आळीच्या नळाची नाही?’

‘टाकीचंच पाणी नळाला येतं की.’

‘टाकीत पावडर कधी टाकली होती?’

ते हसले. ‘तेवढं कळतं आमाला. दोन डबं ज्यादा टाकलं अन् लगीच बाटली भरली. म्हणलं पावण्यांच्या हातात रिपोर्ट हाय, तुमची मान खाली जाया नगं.’

तपासणी अगदी साधी असते. खास बाटलीत पाणी भरून दोन दिवस ठेवायचं. त्यात मैला मिसळलेला असेल तर पाणी काळं पडतं. पण ब्लीचिंग पावडर ताजी असेल तर जंतू बाटलीतच मरतात, आणि कसलंही पाणी स्वच्छ दिसतं. म्हणून आधी ओटीचे, म्हणजे ऑर्थोटोलिडिनचे, दोन थेंब टाकून पावडर आहे का ते बघायचं असतं. असेल तर पाणी पिवळं होतं. मी टाकले असते, तर ते पाणी माझ्या डोळ्यांदेखत पिवळंजर्द झालं असतं आणि मी बाटली परत पाठवली असती. एका मिनिटाचं काम. बाटली सोयऱ्यांनी आणली होती, शंकरराव समोर बसून चहा पीत होते. त्यांच्यासमोर ती तपासणं मला बरं दिसेना.

मी चौकट भिंतीवरून उतरवली, मागचे खिळे वाकवले आणि कागद बाहेर काढला. कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं. नमुना मी स्वतः घेतलेला नाही. पावडरीची चाचणी मी केलेली नाही. म्हणून पुढची सही खोटी समजावी. नमुना उपसरपंचांनी जादा पावडर टाकून टाकीतून भरला. खालच्या आळीत एका महिन्यात सत्तावीस रोगी, एक मृत्यू. पुढे नानांनी सांगितलेली वयं ओळीने लिहिली.

शंकरराव वाकून वाचत होते. त्यांचा चेहरा उतरला. ‘ताई, अवो आपलं घर हाय हे. अन् यात तुमचंबी नाव लिवलंय तुमी.’

‘पहिलं तेच लिहिलंय.’

त्यांनी कागद ओढायचा प्रयत्न केला. मी तो पोलक्यात खोचला आणि त्यांच्या डोळ्यांत बघत राहिले. माझ्या नखांत चुना आणि साल अजून पिवळी होती. ‘जत्रेपासून आजपर्यंत कुंदाने तुमच्या घरात रोज किती पाणी भरलं, भाऊजी? तुमच्या आंघोळीचंही तीच तापवायची ना?’ मी विचारलं. ते खुर्चीत बसले. मी चहा न घेता निघाले.

माझा कागद पोचल्यावर तालुक्याच्या आरोग्य खात्याने तीन दिवसांत खालच्या आळीची लाइन खणली. गटारातल्या एका जोडावर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेली निघाली. उपसरपंचपद गेलं, पुढच्या निवडणुकीत शंकररावांना उभं करायला कोणी तयार होईना. अक्काताईंच्या हातचं पाणी आळीतल्या बायांनी सोडलं, आणि त्यामागे माझं तीनदा विचारणं होतं. माझ्याकडून पाणी तपासायचा अधिकार काढून घेतला गेला. तो काढून घ्यावा असं मीच वर लिहिलं होतं. ज्यांचं ज्यांचं देणं लागत होतं त्या सगळ्यांवर मी सूड उगवला, कोणाला सोडलं नाही.

फक्त एका माणसाचा हिशेब चुकला. केरबा नानांच्या परड्यात त्यानंतर कोणी आलं नाही. मी दोनदा गेले, गावात सांगितलं, आळीत सांगितलं. लोक म्हणत, बाई, तुमीच तर दावलंत. दोन वर्षांनी वरच्या आळीत कावीळ आली, तेव्हा जो तो आपापला वेगळ्या डॉक्टरकडे गेला. कोणाच्या घरात किती, कोणत्या आळीत किती, हे पंचवीस-तीस माणसं आजारी पडेपर्यंत कोणालाच कळलं नाही. बोरीच्या झाडावर त्या वर्षी एकही माळ नव्हती.

कुंदा गेली त्याच उन्हाळ्यात मी तिची माळ घेऊन नानांकडे गेले होते. ती झाडाला अडकवावी, एवढंच मनात होतं. त्यांनी माळ हातात घेतली, बघितली आणि परत दिली.

‘उतरल्याली माळच टांगत्यात, बाई. ही गळ्यातनं काढल्याली हाय.’

मी ती घरी आणून कपाटात खुंटीला लावली. आता नाना नाहीत, परड्याच्या जागी शंकररावांच्या मुलाचं पिठाच्या गिरणीचं शेड आहे, पण बोरीचं झाड कोणी तोडलेलं नाही. मागच्या आठवड्यात कपाट आवरताना माळ हाताला लागली. देठं सुकून काड्या झाली होती, गाठी सुटत आल्या होत्या. मी ती डोक्यावरून घातली. गळ्याशी थांबली नाही, कमरेशीही नाही. पायांपाशी जमिनीवर जाऊन पडली.

ती का लांबली, याचं कारण मला माहीत आहे. ती मी अजून झाडाला टांगायला नेलेली नाही.